धरणीकंपाचा ठाव

१७५५ सालच्या नोव्हेंबर महिन्याची पहिली तारीख. सकल संतांच्या सणाचा तो दिवस. सकाळी साडेनऊच्या सुमारास लिस्बन शहरातील चर्चेस भाविकांनी भरून गेली होती, वेदीवर मेणबत्त्या तेवत होत्या आणि त्याच घटकेला धरणी हादरली. छपरे कोसळली, समुद्र मागे हटून पुन्हा शहरावर चाल करून आला आणि उलथलेल्या दिव्यांनी लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. त्या प्रलयाविषयी युरोपातील तत्त्वज्ञांनी पुष्कळ वाद घातले. 'देव न्यायी असेल तर असे का घडावे?' हा त्या वादाचा गाभा होता. तो प्रश्न लहान नाही. परंतु त्याच सुमारास पोर्तुगालच्या राजाचा मंत्री, पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून ओळखला गेलेला गृहस्थ, याने वेगळ्याच प्रकारचे प्रश्न विचारले. १७५६ साली राज्यातील धर्मग्रामांकडे एक प्रश्नावली गेली. धक्का किती वाजता बसला व किती वेळ टिकला? एका दिशेकडून तो अधिक जोराचा वाटला काय? इमारती कोणत्या बाजूला अधिक पडल्या? समुद्र आधी ओसरला की आधी चढला? जमिनीला भेगा पडल्या काय, झऱ्यांच्या पाण्यात काही पालट झाला काय? गावोगावच्या धर्मगुरूंनी आपापल्या परीने उत्तरे लिहून पाठविली. त्यांतील बरीचशी उत्तरे लिस्बनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आजही जपून ठेवलेली आहेत.

त्या काळी भूकंपमापक यंत्र नव्हते. तेव्हा असे म्हणावयास हरकत नाही की, भूकंपाची पद्धतशीर नोंद करणारी पहिली 'ठाणी' म्हणजे खेड्यापाड्यांतील चर्चेस होती आणि तेथील धर्मगुरू हेच निरीक्षक होते. या नोंदींच्या आधारे अभ्यासक आजही त्या भूकंपाचा उगम शोधत आहेत. तो पोर्तुगालच्या नैर्ऋत्येस अटलांटिक महासागराच्या तळाखाली झाला, येथवर एकमत आहे. पण तळातील नेमका कोणता भंग सरकला, यावर अद्याप मतभेद आहेत. सुमारे पावणेतीनशे वर्षे उलटली तरी 'कोठे?' हा साधा प्रश्न पुरता सुटलेला नाही.

भूकंप कोठे झाला हे अचूक सांगणे इतके कठीण का असावे आणि ते कठीण काम माणसाने कसकसे साधत आणले, याचा इतिहास आम्ही या लेखात मांडणार आहोत. त्या इतिहासात आपल्या ख्रिस्तसभेतील काही शांत, फारसे प्रसिद्धी न पावलेले सेवक भेटतात आणि त्याचा एक धागा थेट आपल्या पालघर जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचतो.

दोन लहरी आणि एक घड्याळ

भूकंप म्हणजे जमिनीखालच्या खडकाचे एकाएकी तुटून सरकणे. हे सरकणे जेथे आरंभते त्या खोलवरच्या स्थानाला भूकंपाची नाभी म्हणतात आणि नाभीच्या थेट वर भूपृष्ठावर जो बिंदू येतो त्याला अपिकेंद्र म्हणतात. नाभीपासून दोन प्रकारच्या लहरी खडकातून निघतात. पहिली वेगवान असते. ध्वनीप्रमाणे ती खडकाला दाबत व ताणत पुढे जाते. हिला प्राथमिक लहर म्हणतात. दुसरी खडकाला आडवे हलवीत जाते, ती संथ असते, ती दुय्यम लहर होय.

मुंबईच्या उपनगरी गाडीने रोज प्रवास करणाऱ्या आपल्या वाचकांना ही गोष्ट चटकन उमगेल. चर्चगेटहून एक जलद आणि एक धीमी अशा दोन गाड्या एकाच क्षणी सुटल्या असे समजा. दादरला त्यांच्या येण्यात अंतर थोडे पडेल, अंधेरीला वाढेल, बोरिवलीला आणखी वाढेल. गाड्या केव्हा सुटल्या हे ठाऊक नसले तरी, त्या किती मिनिटांच्या फरकाने आल्या एवढ्यावरून फलाटावर उभा असलेला माणूस आपण चर्चगेटपासून किती दूर आहोत हे सांगू शकेल. मात्र त्याला दोन्ही गाड्यांचा वेग ठाऊक असला पाहिजे.

कठीण खडकात प्राथमिक लहर सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर आणि दुय्यम लहर सुमारे साडेतीन किलोमीटर वेगाने जाते असे धरू. भूकंप ८४ किलोमीटरांवर झाला तर पहिली लहर १४ सेकंदांत पोहोचेल व दुसरी २४ सेकंदांत. फरक १० सेकंदांचा. म्हणजे दर सेकंदाच्या फरकामागे अंतर सुमारे ८.४ किलोमीटर. अशी तीन ठाण्यांवरून तीन अंतरे काढली, नकाशावर तीन वर्तुळे आखली, की ती जेथे एकमेकांना छेदतील ते अपिकेंद्र. शाळेतील मुलालाही जमेल इतके हे सोपे वाटते.

प्रत्यक्षात ती वर्तुळे एका बिंदूत कधी मिळत नाहीत. वाटेतला खडक थोडा मऊ असला आणि दोन्ही लहरींचा वेग दहा टक्क्यांनी कमी असला, तर त्याच १० सेकंदांच्या फरकाचा अर्थ ८४ ऐवजी सुमारे ७६ किलोमीटर असा होतो. आठ किलोमीटर म्हणजे एका गावावरून दुसऱ्याच गावावर बोट ठेवण्यासारखे आहे. तो फरक मोजण्यात एका सेकंदाची चूक झाली तरी तेवढीच गफलत होते. घड्याळ सुधारता येते, पण जमिनीच्या पोटात जाऊन वेग कोण मोजणार?

येथेच या शास्त्रातील मूळ पेच आहे. भूकंपाचे स्थान काढावयाचे तर पृथ्वीच्या अंतर्भागातील वेग ठाऊक हवा आणि अंतर्भागातील वेग काढावयाचा तर भूकंपाचे स्थान ठाऊक हवे. एकाच्या हाती दुसऱ्याची किल्ली आहे.

पेच सोडविण्याचे पहिले प्रयत्न

आयर्लंडचे अभियंते रॉबर्ट मॅलेट यांनी हा पेच ओळखला आणि १८४९ साली डब्लिनजवळच्या किलिनी येथील समुद्रकिनाऱ्यावर बंदुकीची दारू पुरून तिचा स्फोट घडविला. काही अंतरावर पाऱ्याने भरलेले भांडे ठेवून, पाऱ्याचा पृष्ठभाग थरथरला तो क्षण त्यांनी टिपला. स्फोटाची जागा आणि वेळ दोन्ही आपल्याच हातची असल्याने पेचाचा एक पदर सुटला होता. त्यांना मिळालेले वेग आजच्या मानाने फारच कमी होते, कारण पाऱ्याला पहिली सूक्ष्म थरथर जाणवतच नव्हती. पण कल्पना अस्सल होती. पुढे १८५७ च्या डिसेंबरात दक्षिण इटलीत मोठा भूकंप झाला, तेव्हा मॅलेट तेथे गेले आणि पडक्या भिंतींच्या भेगांच्या दिशांवरून त्यांनी नाभी शोधण्याचा प्रयत्न केला.

१८८९ च्या एप्रिलमध्ये जर्मनीतील पोट्सडाम येथे एर्न्स्ट फोन रेबूर-पाश्विट्झ यांच्या नाजूक लोलकाने एक अनोळखी हेलकावा टिपला. तो हजारो किलोमीटरांवरील जपानच्या भूकंपाचा होता. म्हणजे लहरी सबंध पृथ्वीच्या पोटातून प्रवास करतात. त्यानंतर आठ वर्षांनी, १२ जून १८९७ रोजी आसामात प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा सविस्तर अहवाल १८९९ साली प्रसिद्ध केला. दूरच्या यंत्रांवर उमटलेल्या नोंदींत प्राथमिक, दुय्यम आणि पृष्ठभागावरून येणाऱ्या लहरी वेगवेगळ्या ओळखता येतात हे त्यांनी दाखविले. १९०६ साली त्यांनीच लहरींच्या विलंबावरून पृथ्वीला गाभा असल्याचे प्रतिपादन केले. आसामच्या या आघातानंतर १८९८ मध्ये कलकत्त्याजवळ अलिपूर येथे भारतातील पहिली भूकंपवेधशाळा सुरू झाली आणि लवकरच मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही जॉन मिल्न यांच्या बनावटीचे यंत्र बसले.

यानंतरचा निर्णायक टप्पा क्रोएशियात घडला. ८ ऑक्टोबर १९०९ रोजी झाग्रेबच्या दक्षिणेस कुपा नदीच्या खोऱ्यात भूकंप झाला. झाग्रेब वेधशाळेचे प्रमुख आंद्रिया मोहोरोविचिच यांनी युरोपातील वेधशाळांकडून नोंदी मागविल्या. पाहतात तो काय, काही अंतरावरील ठाण्यांवर प्राथमिक लहर एकदा न येता दोनदा आलेली! त्यांनी उकल केली ती अशी: जवळच्या ठाण्याकडे लहर सरळ वाटेने येते. पण खोलवर एक असा थर आहे की ज्यात वेग एकदम वाढतो. दूर जाणारी एक लहर आधी खाली त्या थरात उतरते, तेथून भरधाव धावते आणि पुन्हा वर येऊन सरळ वाटेच्या लहरीला मागे टाकते. गावातल्या अरुंद रस्त्याने सुरतेला निघालेल्या माणसाआधी, वाकडी वाट करून महामार्ग गाठणारा माणूस पोहोचतो, तसेच हे. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने पृथ्वीचे कवच आणि त्याखालील प्रावरण यांमधील सीमा माणसाला प्रथमच कळली. त्या सीमेला आज मोहोरोविचिच यांचेच नाव आहे.

येशूसंघाची ठाणी

याच दोन-तीन वर्षांत अमेरिकेत येशूसंघीय धर्मगुरूंनी एक काम हाती घेतले. क्लीव्हलँड येथील महाविद्यालयातील फादर फ्रेडरिक ओडेनबाख यांच्या ध्यानात आले की, येशूसंघाची महाविद्यालये सर्वदूर विखुरलेली आहेत, तेथे शिकलेली माणसे आहेत, शिस्त आहे आणि एक शिक्षक गेला तर त्याच्या जागी दुसरा येतो. भूकंपाच्या नोंदींना नेमके हेच सातत्य लागते. १९०९ साली त्यांच्या पुढाकाराने अमेरिका व कॅनडा येथील सोळा महाविद्यालयांत एकाच बनावटीची, जर्मन शास्त्रज्ञ एमिल वीशर्ट यांच्या आराखड्याची यंत्रे पुरविण्यात आली. एकाच जातीची यंत्रे असल्यामुळे एका ठाण्याची नोंद दुसऱ्याशी ताडून पाहता येऊ लागली.

अन्य देशांतही असे चाललेच होते. मनिला येथे येशूसंघाची वेधशाळा १८६५ पासून होती. स्पेनमधील ग्रॅनडा येथे १९०२ साली, ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ रिव्हरव्ह्यू येथे फादर एडवर्ड पिगॉट यांच्या प्रयत्नाने १९०९ साली आणि बोलिव्हियातील ला पाझ येथे सान कॅलिक्स्टो महाविद्यालयात १९१३ साली भूकंपनोंदी सुरू झाल्या. दक्षिण अमेरिकेच्या अफाट विस्तारात भरवशाची ठाणी फारच थोडी होती, त्यामुळे ला पाझच्या नोंदीला मोठेच मोल आले. येशूसंघाबाहेरचेही धर्मगुरू या कामी मागे नव्हते. सूक्ष्म कंपांचा अभ्यास करणारे इटलीचे फादर तिमोतेओ बेर्तेल्ली हे बार्नाबाइट होते आणि भूकंपाच्या तीव्रतेचे ज्यांच्या नावाचे मान १९०२ पासून प्रसिद्ध आहे ते जुझेप्पे मेर्काल्ली हेही धर्मगुरूच होते.

याच कथेतील एक बारीक पण महत्त्वाचा दुवा सेंट लुईस येथे आहे. जर्मनीतील ग्योटिंगेनचे लुडविग गायगर यांनी १९१० साली अपिकेंद्र काढण्याची एक नवी गणिती रीत मांडली. भूकंपाच्या बाबतीत अज्ञात गोष्टी चार असतात: अक्षांश, रेखांश, खोली आणि आरंभाची वेळ. गायगर म्हणाले, प्रथम एक अंदाज करा. त्या अंदाजाप्रमाणे लहर प्रत्येक ठाण्यावर केव्हा यावयास हवी होती ते गणिताने काढा. प्रत्यक्ष आलेल्या वेळेशी ते ताडा. जो फरक उरतो तो सर्व ठाण्यांवर मिळून कमीत कमी व्हावा अशा बेताने अंदाज थोडा सरकवा. पुन्हा गणित करा, पुन्हा सरकवा. फरक आणखी घटेनासा झाला म्हणजे थांबा. हा मूळ जर्मन लेख इंग्रजीत आला तो १९१२ साली, येशूसंघ चालवीत असलेल्या सेंट लुईस विद्यापीठाच्या पत्रिकेतून. आज संगणक क्षणार्धात भूकंपाचे स्थान सांगतो, तेव्हा त्याच्या पोटात बहुधा गायगर यांचीच रीत चालू असते. संगणक नव्हता त्या काळी तेच गणित हाताने करावयास किती वेळ लागत असेल, याची कल्पना केलेली बरी.

त्याच विद्यापीठात १९२५ साली फादर जेम्स मॅकेलवेन यांनी भूभौतिकीचा स्वतंत्र विभाग स्थापन केला आणि ओडेनबाख यांच्या मंदावलेल्या कार्याचे येशूसंघीय भूकंपशास्त्र संघटना या नावाने पुनरुज्जीवन केले. निरनिराळ्या ठाण्यांवरील वेळा तारेने सेंट लुईसला येत, तेथे अपिकेंद्र काढले जाई आणि ते जगभरच्या वेधशाळांना कळविले जाई. मॅकेलवेन यांनी १९३६ साली भूकंपशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहिले, शिष्य घडविले आणि १९५६ साली ते निवर्तले. अमेरिकेतील भूभौतिकी संघटना तरुण शास्त्रज्ञांना त्यांच्या नावाचे पदक आजही देते. प्रार्थना, अध्यापन आणि रोज सकाळी काजळी लावलेल्या कागदावरील रेघोट्या वाचणे, हा अशा धर्मगुरूंचा दिनक्रम होता. त्यांतील बहुतेकांची नावे वेधशाळेच्या नोंदवहीबाहेर कोणाला ठाऊक नाहीत.

सरासरी पृथ्वी आणि खरी पृथ्वी

हजारो नोंदी जमल्यावर पेच सोडविण्याचा एक मार्ग मोकळा झाला. वेगाचा एक अंदाज धरून स्थाने काढावयाची, त्या स्थानांवरून वेग सुधारावयाचा, सुधारलेल्या वेगाने पुन्हा स्थाने काढावयाची. केंब्रिजचे हॅरल्ड जेफ्रीज आणि त्यांचे न्यूझीलंडचे शिष्य कीथ बुलेन यांनी वर्षानुवर्षे हा व्याप करून १९४० साली प्रवासकाळाची कोष्टके प्रसिद्ध केली. किती अंतरावर व किती खोलीवरून लहर किती वेळात पोहोचेल, हे त्यांत दिलेले होते. ही कोष्टके पुढे अर्धशतकाहून अधिक काळ जगभर वापरात होती. त्यांच्या तोडीची नवी कोष्टके १९९१ व १९९५ साली आली.

परंतु कोष्टकांतील पृथ्वी ही कांद्यासारखी, एकसारख्या गोल पापुद्र्यांची आहे. खरी पृथ्वी तशी नाही. याचा धडा १९६५ साली मिळाला. त्या वर्षी २९ ऑक्टोबरला अमेरिकेने अल्युशियन द्वीपमालेतील अम्चित्का बेटाखाली अणुस्फोट घडविला. जागा सेंटिमीटरपर्यंत ठाऊक, वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत ठाऊक. जगभरच्या ठाण्यांच्या नोंदींवरून नेहमीच्या रीतीने स्थान काढले, तर ते वीस किलोमीटरांहूनही अधिक उत्तरेला निघाले! गणित बरोबर होते, यंत्रे उत्तम होती, ठाणीही भरपूर होती. मग बिनसले कोठे? त्या बेटाखाली पॅसिफिक महासागराच्या तळाचा थंड, घट्ट खडक उत्तरेकडे तिरपा खोल उतरत गेला आहे. त्यातून जाणाऱ्या लहरी अपेक्षेपेक्षा लवकर पोहोचल्या. उत्तरेकडच्या ठाण्यांना वाटले की स्फोट आपल्या जवळ झाला. ठाण्यांची संख्या वाढविल्याने ही चूक कमी झाली नसती, कारण सर्वांची गफलत एकाच बाजूची होती. उपाय एकच होता, त्या प्रदेशातील खडकाची खरी घडण समजून घेणे.

कोयना आणि किल्लारी

हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात जीवनमरणाचा होऊन आला तो ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. कोयनानगरला ६.३ प्रतीचा भूकंप झाला, सुमारे दोनशे माणसे दगावली आणि हजारो बेघर झाली. कोयनेच्या जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागले होते आणि तेव्हापासून परिसरात गुरगुर व लहान धक्के जाणवत होते. १९६३ पासून धरणाभोवती यंत्रेही बसविली होती. दख्खनचे पठार अचल आहे अशी त्या काळी समजूत होती. मग हा भूकंप धरणामुळे झाला काय?

या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी 'कोठे आणि किती खोल' यावर अवलंबून होते. नाभी तीस-चाळीस किलोमीटर खोल निघाली असती, तर जलाशयाच्या पाण्याचा तिच्याशी संबंध जोडणे दुरापास्त झाले असते. ती उथळ आणि जलाशयाजवळ असेल, तर पाण्याचा भार आणि खडकांच्या भेगांत झिरपणारे पाणी यांचा विचार करणे भाग होते. परंतु निरनिराळ्या संस्थांनी काढलेली अपिकेंद्रे एकमेकांपासून कित्येक किलोमीटर दूर पडत होती. त्यातही खोली सर्वांत अवघड. ठाणे दूर असेल तर खोलीतील थोडा फरक आणि आरंभाच्या वेळेतील थोडा फरक एकमेकांची भरपाई करतात आणि लहर जवळपास त्याच वेळी पोहोचते. नाभीच्या जवळजवळ माथ्यावर एखादे ठाणे असेल तरच खोली धड कळते.

म्हणून येथील जमिनीचे वेग येथेच मोजणे अगत्याचे झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने १९७०च्या दशकात गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी अशा दोन रेषांवर जमिनीत स्फोट घडवून लहरींचे वेग मोजले. किलिनीच्या वाळूत मॅलेट यांनी जे केले त्याचीच ही सुधारून वाढविलेली आवृत्ती होय. बसाल्टचा थर किती, त्याखाली काय, प्रावरणाची सीमा किती खोल, हे त्यातून उलगडत गेले. पुढील अभ्यासांनी कोयना परिसरातील बहुतेक भूकंप दहा किलोमीटरांपेक्षा उथळ असल्याचे दाखवून दिले. १९८५ नंतर वारणेच्या जलाशयात पाणी साठू लागले आणि भूकंपांचे क्षेत्र दक्षिणेकडे पसरले. हेही स्थाने नीट कळत होती म्हणूनच दिसले. जलाशयाने चेतविलेल्या भूकंपांचे ठळक उदाहरण म्हणून कोयनेचे नाव आज जगभर घेतले जाते. केंद्र शासनाने कराड येथे प्रयोगशाळा उभारून या भागात खोल विवरे खणली आणि २०१७ साली त्यांतील एक ३ किलोमीटर खोलीपर्यंत पोहोचले. अशा एका विवरात बसाल्टची जाडी सुमारे ९३३ मीटर निघाली आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा पुरातन खडक लागला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर व धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवर किल्लारी परिसरात जे घडले, ते सांगताना आजही लेखणी जड होते. आदल्या दिवशी गणेशविसर्जन करून माणसे झोपी गेली होती. मातीच्या गिलाव्यातील जाड दगडी भिंती त्यांच्यावर कोसळल्या आणि सुमारे दहा हजार जीव गेले. भूकंपाची प्रत ६.२ होती. कोयनेहून ती काही अधिक नव्हती, परंतु नाभी अत्यंत उथळ आणि वस्ती दाट होती. तो प्रदेश भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता आणि जवळपास ठाणीही विरळ होती. यानंतर द्वीपकल्पातील वेधशाळांचे आधुनिकीकरण झाले आणि २००२ साली नकाशातील तो सर्वांत सौम्य पट्टाच रद्द करण्यात आला. किल्लारीजवळ खणलेल्या विवरात बसाल्ट भरला अवघा ३३८ मीटर. वरून पाहता कोयना आणि किल्लारी दोन्ही एकाच काळ्या पाषाणाच्या, पण पोटात घडण निराळी. एका ठिकाणचे वेगमान दुसऱ्या ठिकाणी जसेच्या तसे लावून चालत नाही, ते यामुळेच.

आपल्या जिल्ह्यातील हादरे

१९७६ पासून या शास्त्रात एक नवी वाट पडली. भूकंपांची स्थाने आणि खडकांतील वेग ही दोन्ही अज्ञाते एकदमच, एकाच गणितात सोडवावयाची. अनेक भूकंप आणि अनेक ठाणी असली की लहरींच्या वाटा एकमेकींना असंख्य जागी छेदतात आणि कोणत्या भागात लहर रेंगाळते, कोणत्या भागात धावते, हे उमटत जाते. रुग्णालयात अनेक बाजूंनी किरण सोडून शरीराचे छेदचित्र काढतात, त्याच जातीची ही युक्ती. २००० साली फेलिक्स वाल्डहाउझर आणि विल्यम एल्सवर्थ यांनी आणखी एक रीत दिली. दोन भूकंप शेजारी शेजारी झाले असतील तर दूरच्या ठाण्याकडे जाणारी त्यांची वाट जवळपास एकच असते. एकाच घरातून निघालेल्या दोघा भावांना रस्त्यावरचे खड्डे सारखेच लागतात, तेव्हा त्यांच्या पोहोचण्यातील फरक हा निघण्यातील फरकच असतो. वाटेतील अज्ञान असे वजा झाले की दोन भूकंपांमधील अंतर फार बारकाईने कळते. ढगासारखी पसरलेली अपिकेंद्रे मग रेषेत उभी राहतात आणि जमिनीखालचा भंग डोळ्यांना दिसू लागतो.

२०१८ च्या नोव्हेंबरपासून पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांना, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, धक्क्यांमागून धक्के बसू लागले. बहुतेक धक्के लहान, मोठ्यांची प्रत चारच्या आसपास. परंतु कुडाच्या आणि विटांच्या घरांत राहणाऱ्या आदिवासी बांधवांनी थंडीच्या रात्री उघड्यावर काढल्या. वसईत बसून आम्हां सर्वांना पडलेले प्रश्न तेच होते: हे नेमके कोठे होत आहे? तारापूरच्या अणुवीज केंद्रापासून किती दूर? सूर्या धरणापासून किती दूर? किती खोल? दूरच्या ठाण्यांवरून याचे उत्तर ढोबळच मिळते. म्हणून शास्त्रज्ञांनी तेथे जाऊन तात्पुरती ठाणी उभारली. त्या ठाण्यांच्या नोंदींवरून हे भूकंप एका लहानशा क्षेत्रात, उथळ खोलीवर दाटीवाटीने होत असल्याचे दिसून आले. लहान धक्क्याबरोबरही तोफेसारखा आवाज का होतो, याचा उलगडाही त्या उथळपणातच आहे.

स्थान अचूक कळल्याने भूकंप थांबत नाही. पुढचा केव्हा होईल हेही सांगता येत नाही. मग या खटाटोपाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग असा की, मदतीची पथके योग्य गावी आधी पोहोचतात. कोणत्या खोऱ्यात घरे अधिक बळकट बांधावयाची, शाळेची इमारत कोठे उभारू नये, धरणाच्या भिंतीला किती बळ द्यावयाचे, हे ठरविण्यास आधार मिळतो. आणि अफवेला आळा बसतो. धरणीकंपानंतर गावात सर्वांत वेगाने पसरते ती भीती. 'कोठे आणि किती खोल' याचे प्रामाणिक उत्तर हा तिच्यावरील पहिला उतारा आहे.

प्रामाणिक हा शब्द आम्ही जाणून वापरला. चांगला भूकंपशास्त्रज्ञ नकाशावर नुसता बिंदू देत नाही, त्या बिंदूभोवती एक लंबवर्तुळही आखतो आणि खरे स्थान बहुधा याच्या आत आहे असे सांगतो. आपल्या ज्ञानाची सीमा आपणच आखून दाखविणे हा त्याच्या शिस्तीचा भाग आहे. मात्र अम्चित्काने शिकविले ते हे की, वेगाचे गृहीतच चुकले असेल तर खरे स्थान त्या लंबवर्तुळाच्याही बाहेर असू शकते.

१७५६ साली पोर्तुगालमधील खेड्यातील एखाद्या धर्मगुरूने, आपल्या चर्चची पडकी भिंत पाहून, ती कोणत्या बाजूला कलली ते कागदावर लिहिले. ते कोणाच्या उपयोगी पडेल हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. ओडेनबाख आणि मॅकेलवेन यांच्या ठाण्यांवर रोजच्या रेघोट्या वाचणाऱ्या बंधूंनाही ते ठाऊक नव्हते. आपल्या धर्मग्रामांतही जुन्या नोंदवह्या आहेत. मोठी वादळे, पूर, हादरे यांचे उल्लेख त्यांत कोठे कोठे असतील. त्या वाळवीच्या तोंडी पडू न देता नीट जपणे आणि आज जाणवलेल्या हादऱ्याची वेळ, टिकलेला काळ व घरातील काय हलले एवढे तरी लिहून ठेवणे, हे काम आपल्यापैकी कोणालाही करता येण्यासारखे आहे. आपली मुले विज्ञान शिकत आहेत. त्यांच्यापैकी कोणी या नोंदी उद्या उघडल्या, तर त्यांना त्या वाचता याव्यात, एवढी काळजी आपण घ्यावी.